वाचकांचे प्रश्न : पिल्लू उंबऱ्याबाहेर कधी काढायचं?

प्रश्न : आमचं लॅब्राडॉरचं पिल्लू आज नऊ आठवड्यांचं आहे. आठव्या आठवड्यात पहिली लस झाली. दवाखान्यात सांगितलं, सगळे डोस होईपर्यंत बाहेर काढू नका. शेजारचे काका म्हणतात, रोज रंकाळ्यावर न्या, नाहीतर भित्रं होईल. कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोघांचंही, पण अर्धं अर्धं. रंकाळ्याच्या फरसबंदीवर त्याचे पाय टेकवू नका आणि चार महिन्यांचं होईपर्यंत घरात कोंडूनही ठेवू नका.

आधी लशीचं गणित. जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या जीवघेण्या रोगांपासून त्याला सांभाळतात, पण टोचलेली लसही तीच निकामी करतात. ती अंगातून कधी ओसरतील याचा नेम नाही. एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही फरक पडतो. म्हणून लस दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची आणि शेवटचा डोस 16 आठवडे भरल्यावरच. तुमच्या पिल्लाला 8, 12 आणि 16 असे आठवडे येतील. ‘दोन डोस झाले, बास झालं’ म्हणून बाराव्या आठवड्याला थांबणारे बरेच आहेत आणि पार्व्हो नेमका तिथं गाठतो.

आता दुसरं गणित. नवी माणसं, आवाज, जनावरं बिनधास्त स्वीकारायचं पिल्लाचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. त्यानंतर नव्या गोष्टीची आधी भीती वाटते. शेवटचा डोस अंगी लागेपर्यंत अठरावा आठवडा उजाडतो. म्हणजे तोवर थांबलात तर वेळ गेलेली असेल. तुमच्या हातात पाचच आठवडे आहेत.

ते असे वापरा. पिल्लाला कडेवर घ्या, जड झालं की टोपलीत किंवा गाडीत बसवा, पण जमिनीला लावू नका. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर लांबून म्हशी दाखवा, दुपारी बिंदू चौकातली वर्दळ, हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्या. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. शेपूट पोटाखाली गेली, सारखी जांभई देऊ लागलं, ओठ चाटू लागलं किंवा आवडता खाऊसुद्धा तोंडात घेईना, तर ते घाबरलंय. तिथंच थोपटत उभं राहू नका; ते खाऊ घेईल इतकं लांब जा. हलगीचा आणि फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याला जेवण द्या, रोज थोडा वाढवा. गणपतीत डॉल्बी दारात आल्यावर सवय लावता येत नाही.

घरी टोपीवाले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, लहान मुलं येऊ द्यात. ओळखीचा, सगळ्या लशी झालेला, निरोगी मोठा कुत्राही चालेल. पहिल्या डोसाला सात दिवस झाले आहेत आणि जंताचं औषध दिलेलं आहे, एवढं मात्र पाहा. ते औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यायचं, दर वेळी पिल्लाचं वजन करून. बाग, मैदान आणि दवाखान्याची फरशी मात्र वर्ज्य. आजारी कुत्री तिथंच येतात. नंबर येईपर्यंत पिल्लू मांडीवर ठेवा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी पिल्लू पार्व्होनं गेलं. घर तीन वेळा फिनेलनं पुसलंय. नवीन आणू का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : एवढ्यात नको. पार्व्होच्या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, म्हणून फिनेल त्याला मारत नाही. फरशी आधी साबणानं घासून घ्या, कारण घाण राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. मग घरगुती द्रव ब्लीच (सुमारे 5 टक्क्यांचं) एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरला साधारण 33 मिली, असं ओतून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा आणि नंतर धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. त्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. जुनी गोधडी, पट्टा, लाकडी पाट टाकून द्या.

अंगणातल्या मातीला मात्र हा उपाय नाही. तिथं विषाणू वर्षभरही टिकू शकतो. अंगण असेल तर लहान पिल्लू आणू नका. चार महिन्यांवरचं, सगळे डोस झालेलं कुत्रं आणा. नंतर कधी उलट्या आणि घाण वासाचे रक्ताचे जुलाब दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. लहान जीव पाणी कमी होऊनच जातो.

प्रश्न : ‘सेव्हन इन वन’ ही मिश्र लस दिली, त्यात रेबीज आला ना? आणि दर वर्षी पुन्हा कशाला?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : रेबीजची लस सहसा त्यात नसते. ती तीन महिने भरल्यावर वेगळी टोचतात. कार्डावर तिचं वेगळं स्टिकर आहे का, ते पाहा. पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला घ्या. लस होण्याआधी पिल्लाचा दात किंवा नख मुलाला लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद-तेल लावू नका.

त्या मिश्र लशीतला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) भाग वर्षभरच पुरतो. हा रोग उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या पंचगंगेकाठच्या घरांनी तरी हा डोस चुकवू नये. पहिल्या वर्षी तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन, मग दर वर्षी एक, आणि तो मे महिन्यातच उरकलेला बरा.