जनुक ‘मूक’ की संदेशाचा ‘लोप’?

इथल्याच, म्हणजे नागपूरच्या, एका प्राध्यापिकेने विचारलं आहे: यीस्टवरच्या मराठी टिपणात ‘साध्या वाढीच्या काळात अर्धसूत्री विभाजनाची जनुकं सायलेन्स केलेली असतात’ हे कसं लिहावं? (अर्धसूत्री विभाजन म्हणजे मिओसिस, गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन.) बंद, मूक की दमित? त्यांचे विद्यार्थी म्हणे सरळ ‘चूप बसवलेली’ म्हणतात. आपल्याकडे ‘गप्प’पेक्षा ‘चूप’ जास्त चालतं, त्यामुळे वाचून मजा वाटली. पण इथे तेही चुकतं.

कारण ती जनुकं चूप नसतातच. टिपण शिझोसॅकरोमायसिस पोम्बे या यीस्टवर आहे. (स्वाहिलीत ‘पोम्बे’ म्हणजे बिअर, आफ्रिकेतल्या बिअरमधूनच १८९३ साली ते वेगळं केलं गेलं.) त्याची अर्धसूत्री विभाजनाची कित्येक जनुकं खाणंपिणं मुबलक असतानाही बोलत असतात, म्हणजे त्यांच्यावरून आरएनए, म्हणजेच जनुकाचा संदेश, तयार होतो. फक्त त्या आरएनएत यू-एन-ए-ए-ए-सी ही सहा अक्षरांची खूण पुन्हापुन्हा येते. ‘एन’च्या जागी कोणतंही अक्षर चालतं. एमएमआय-१ हे प्रथिन ती खूण हेरतं आणि एक्झोसोम या आरएनए कुरतडणाऱ्या यंत्रणेकडून संदेशाचा फडशा पाडवतं. एमएमआय-१ असे संदेश निवडून नष्ट करवतं, हे मासायुकी यामामोतो यांच्या जपानी गटाने २००६ मध्ये दाखवलं. पुढे नायट्रोजनची उपासमार झाली, जोडीदार मिळाला, की मेइ-२ हे प्रथिन कामाला लागतं. प्रथिनात कधीच न उतरणाऱ्या एका आरएनएला हाताशी धरून ते एमएमआय-१ला अडकवून ठेवतं. मग संदेश वाचतात, दोन्ही अर्थांनी.

‘दमित’ किंवा ‘बंद’ हे शब्द जिथे आरएनएच बनत नाही तिथे ठेवा. इथे मी ‘लोप’ म्हणेन. ‘काही + असा = काहीसा’ या संधीत ‘अ’ आधी असतो आणि मग जातो; पाणिनीची व्याख्याही ‘अदर्शनं लोपः’ अशीच आहे. जनुकाच्या ‘प्रकटना’समोर (एक्स्प्रेशनसमोर) ‘अदर्शन’, म्हणजे न दिसणं, किती चपखल बसतं पाहा! तेव्हा लिहा: ‘साध्या वाढीच्या काळात या जनुकांच्या संदेशांचा लोप केला जातो.’ ‘लोप पावतो’ मात्र नको. पावणं आपोआप होतं. इथे एमएमआय-१ दारात पहारा देत उभं आहे.