त्या खुर्चीवर तुझं नाव कुणी लिहिलंय?

ताई,
माझं वय २६. जुने कागद, हस्तलिखितं, नकाशे यांच्या जतनाचं शिक्षण मी घेतलं आहे. दोन वर्षं एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत आठवड्यातले तीन दिवस बिनपगारी काम करते, शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च कसाबसा भागवते. तिथल्या मॅडम वर्ष-दीड वर्षात निवृत्त होतील. 'ही जागा तुझीच समज,' असं त्या नेहमी म्हणतात.
आता एका विमा कंपनीच्या दावे विभागात मला कायमची नोकरी मिळते आहे. पगार चांगला, घरच्यांनाही आरोग्य विमा. १२ दिवसांत होकार कळवायचा आहे. बाबा निवृत्त झालेत, धाकटी बहीण शिकते आहे. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. मैत्रिणी म्हणतात, एकदा त्या खुर्चीत बसलीस की संपलंच. नोकरी घेऊन वर्षभरात सोडली तर ती कंपनीची फसवणूक नाही का? आणि नाही घेतली आणि ती जागाही हुकली तर?
परवा लोह-शाईनं, म्हणजे लोहाचे क्षार असलेल्या जुन्या शाईनं, खाल्लेलं एक पान दुरुस्त केलं. अक्षरं होती तिथे नेमकी भोकं पडली होती. पाच तास कसे गेले कळलं नाही. रात्री मात्र झोप लागली नाही.
– कागदवाली

प्रिय कागदवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि मी एकाच वाक्याखाली रेघ मारली : 'ही जागा तुझीच समज.' तुझा सगळा पेच या चार शब्दांवर उभा आहे, म्हणून आधी तेच तपासू.

मॅडम खोटं बोलत नसतील. तुझ्यावर त्यांचा जीव असणार, त्याशिवाय कुणी आपली खुर्ची अशी दाखवत नाही. पण ती जागा द्यायचा अधिकार त्यांच्याकडे आहे का? निवृत्त होणारा माणूस आपली वही, आपली हत्यारं, फार तर आपली शिफारस मागे ठेवून जातो. पद ठेवून जात नाही, ते संस्थेचं असतं. एक माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याच जागेची जाहिरात निघेलच असं नसतं. जागा गोठवतात, काम बाहेरच्या कंत्राटदाराला देतात, दोन पदांचं एक करतात, आणि भरती निघालीच तर खुली असते, तुझ्यासारखे आणखी दहा जण अर्ज करतात. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तू वाट बघते आहेस ती जागेची की शब्दाची, एवढंच तुझं तुला कळावं.

मी हे इतक्या खात्रीनं बोलते कारण मी यात पोळले आहे. तुझ्यापेक्षा थोडी मोठी असताना मला एका विभागप्रमुखांनी असंच सांगितलं होतं : 'तुमचंच आहे ते.' चौदा महिने मी दुसरीकडे अर्जसुद्धा केला नाही, आपल्याच माणसांचा अपमान होईल असं वाटायचं. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना माझं नावही माहीत नव्हतं. चूक कुणाची म्हणशील? त्यांची नाहीच. त्यांनी धीर दिला होता, मी त्याचं नेमणूकपत्र करून टाकलं.

तर या बारा दिवसांतला पहिला दिवस मॅडमसाठी. त्यांच्यासमोर बस आणि सरळ विचार : ही जागा भरायची मंजुरी कुणाच्या हातात आहे? निवृत्तीची नेमकी तारीख काय? भरतीची शैक्षणिक पात्रता काय धरतात, आणि ती माझ्याकडे आहे का? मागच्या वेळी कुणी निवृत्त झालं तेव्हा जागा किती दिवसांत भरली? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी, कारण त्याचं उत्तर आशेतून येत नाही, आठवणीतून येतं. मॅडम अडखळल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस, तेही उत्तरच आहे. मंजुरीचा कागद निघालाय, जाहिरात चार-सहा महिन्यांत येणार, असं काही कळलं तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेव आणि शिकवण्या चालू ठेवून थांब. तेवढं थांबणं परवडतं.

तसं काही हाती लागलं नाही, तर माझं मत असं : विम्याची नोकरी घे. पण त्याआधी त्या नोकरीला एक प्रश्न विचार. तो पगाराचा नाही.

काफ्का या लेखकाचं नाव तू ऐकलं असशील. तो १९०७ साली एका खाजगी विमा कंपनीत लागला. दिवस लांबलचक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लिहायला डोकंच उरत नसे. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यानं ती नोकरी सोडली आणि कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत गेला. तिथलं काम दुपारी दोनला संपायचं. विमा तोच, टेबल-फायली त्याच, फक्त सुटण्याची वेळ वेगळी. तिथे तो १९२२ पर्यंत होता, आजारपणामुळे बाहेर पडला. ऑफिसबद्दलचं रडगाणं त्याच्या रोजनिशीत जागोजागी आहे, तेव्हा तो तिथे सुखात होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचं बरंचसं लेखन त्याच नोकरीच्या काळातलं आहे.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात तशी खुर्ची माणसाला संपवते, पण सगळ्या खुर्च्या नाही. तेव्हा नेमणूकपत्रातले कामाचे तास वाच आणि त्यावर विसंबू नकोस. त्या विभागातल्या एखाद्याला गाठ आणि विचार की महिनाअखेरीला घरी किती वाजता जाता. शनिवारी फोन येतात का? बदली होते का? मी तुझ्या जागी असते तर कमी पगाराची पण वेळेवर सोडणारी नोकरी घेतली असती. तुझी कला हाताची आहे. लोह-शाईच्या पानाला जास्त ओल लागली तर शाईतलं लोह पसरतं, म्हणून ते नुसत्या पाणचट खळीनं चिकटवत नाहीत, हे पुस्तकातही सापडेल. पण ओल किती म्हणजे जास्त, हे बोटांना कळावं लागतं. सहा महिने कागद हातात आला नाही तर बोटं ते विसरतात. म्हणून आठवड्याचा एक दिवस, शनिवार असो की रविवार, प्रयोगशाळेचा. तो दिवस हातचा जात असेल तर नोकरी कितीही सोन्यासारखी असो, तुझ्यासाठी महाग आहे.

इथे मला चंद्रशेखर रामन आठवतात, आणि ते नोबेलसाठी नाही. १९०७ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते सरकारी वित्त खात्यात लागले, कलकत्त्याला. संशोधनावर पोट भरेल अशी सोय तेव्हा त्यांना दिसत नव्हती. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते तिथल्या विज्ञानसंस्थेत जाऊन प्रयोग करत. मधे खात्यानं रंगूनला पाठवलं, मग नागपूरला, १९११ मध्ये ते परत आले आणि पुन्हा तेच सुरू झालं. हे सगळं दहा वर्षं. १९१७ मध्ये विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली तेव्हा कमी पगारावर तिकडे गेले. मला यातलं आवडतं ते हे की जागा मिळाली तेव्हा ते तयार होते. दहा वर्षांत नुसते पगारदार झाले नव्हते, त्यांच्या नावावर शोधनिबंध होते. (आता खरं सांगायचं तर, दोन्ही वेळ प्रयोगशाळेत घालवून घरी परतल्यावर त्यांना चूल पेटवायची नव्हती. तुझ्या घरी संध्याकाळची कामं कुणाच्या अंगावर आहेत ते तू लिहिलं नाहीस. बाबांशी नोकरीबद्दल बोलशील तेव्हा त्याच बैठकीत हेही बोलून घे. कमावती झालेली मुलगी घरातही तेवढीच राबते आणि मग वर तिला छंदाला वेळ मिळत नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.)

अशा गोष्टींत एक लबाडी असते, तीही सांगून टाकते. नोकरी करता करता ज्यांची बोटं विसरली, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही आणि ते संख्येनं जास्त असतात. म्हणून रामन यांचं नाव घेऊन स्वतःला फसवू नकोस, तू काय करणार ते लिहून काढ. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पानाचा आधीचा आणि नंतरचा फोटो, काय बिघडलं होतं, काय लावलं, का लावलं, याची नोंद. तुमच्या कामात असा अहवाल ठेवायचाच असतो. फरक एवढाच की संस्थेच्या फायलीबरोबर तुझीही एक प्रत हवी, मॅडमच्या परवानगीनं. मॅडम गेल्यावर तिथे तुला ओळखणारं कुणी नसेल, पण ही फाइल तुझ्याबरोबर कुठेही येईल. 'कुठेही' मुद्दाम म्हटलं. तुला कागद जतनाचं काम हवंय की त्या एका खोलीतली ती एक खुर्ची? ग्रंथालयं, अभिलेखागारं, खाजगी संग्रह, इतर संग्रहालयं यांतलं एकही नाव तुझ्या पत्रात नाही. दोन वर्षांत एकही अर्ज केला नसशील, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर रागव माझ्यावर.

आता फसवणुकीचं. एवढ्यासाठी तू रात्र जागलीस, पण याचं उत्तर छोटं आहे. नोटीस पिरियड याचसाठी असतो. कंपनीनंही प्रोबेशन ठेवलेलं असतं, म्हणजे नाही जमलं तर ती तुला जा म्हणणार. तेव्हा ती तुझी फसवणूक झाली असं कुणी म्हणणार नाही. 'इथेच निवृत्त होईन' असं त्यांना सांगू नकोस, एवढं पाळ, आणि आहेस तोवर काम नीट कर. दाव्याच्या फायलीमागे एक अडलेला माणूस असतो, त्याला तुझ्या हस्तलिखितांशी देणंघेणं नाही. मात्र सही करण्याआधी करारातल्या तीन गोष्टी बघ : ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड आहे का आणि मोडला तर किती भरावे लागतात; नोटीस किती दिवसांची; आणि बाहेरचं काम, बिनपगारी का होईना, करायला कंपनीची लेखी परवानगी लागते का. लागत असेल तर आधीच माग. लपवून केलेलं शनिवारचं काम पुढे गळ्याशी येतं.

बाबांच्या म्हणीवर मी वाद घालणार नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे बरोबरच आहे, आणि तू काही सोडत नाहीस. ते कशाला घाबरले आहेत तेवढं विचार. बहुधा बहिणीच्या फीला किंवा स्वतःच्या आजारपणाला. आकडा समजला की तो भागवायचा किती दिवस, हेही ठरेल. मग तो आकडा वाढू देऊ नकोस. पहिल्या वर्षात कर्जाचा हप्ता अंगावर घेऊ नकोस, कितीही साधी वस्तू असली तरी. मैत्रिणी 'अडकलीस' म्हणतात ना, माणसं पगारात अडकत नाहीत, हप्त्यांत अडकतात. पगारातून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला साठला की कमी पगाराची आवडती जागा आली तर हो म्हणायला तुझी जीभ अडखळणार नाही.

आणि एक तारीख लिहून ठेव, मॅडमच्या निवृत्तीनंतर सहा महिन्यांची. त्या दिवशी ही फाइल, बँकेचं पासबुक आणि केलेल्या अर्जांची यादी समोर घेऊन बस. तेव्हाही हा पेच सुटलेला नसेल कदाचित, पण निदान तो वेगळा असेल. अर्जांची यादी कोरी निघाली तर मला पुन्हा पत्र लिही, तेव्हा मी इतकी गोड बोलणार नाही.

विम्याचं उत्तर अकराव्या दिवशी दे, बाराव्या नको. एखादा आठवडा मुदत वाढवून हवी असेल तर सहाव्या-सातव्या दिवशीच विचार, शेवटच्या संध्याकाळी नाही.

आणि ते पान. 'पण', 'तर', 'आणि नाही झालं तर' यांनी भरलेल्या तुझ्या पत्रात तेवढं एकच वाक्य सरळ चाललं होतं, पाच तासांचं. फक्त त्यावर काय लिहिलं होतं ते सांगायला तू विसरलीस. भोकं बुजवताना उरलेली अक्षरं वाचली असशीलच. कुणाचं पत्र होतं ते?

– तुझी ताई