‘फक्त सही करा’ म्हणतात, करावी का?

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघांनी कॉलेजच्या लॅबमध्ये एक क्लिप बनवली. सलाईन संपत आलं की ती बॅटरीशिवाय, स्प्रिंगच्या जोरावर इशारा देते. कॉलेज आता स्वतःच्या नावाने पेटंटचा अर्ज करतंय. संशोधकांत गाईड सरांचं नाव पहिलं आहे. ‘फक्त सह्या करा, फॉर्मॅलिटी आहे,’ असं सांगतात. पुढच्या महिन्यात टेकफेस्टला क्लिप दाखवायची आहे. आमच्यातल्या दोघांना स्टार्टअपही काढायचंय. काय करावं?

उत्तर : आज सही करू नका. तो कागद बहुधा फॉर्म-१, म्हणजे पेटंटचा मूळ अर्ज असेल. त्यात संशोधकांच्या सहीपाशी एक छापील घोषणा असते : ‘अर्जदार हे आमचे असाइनी आहेत.’ असाइनी म्हणजे ज्याच्या नावावर हक्क करून दिले तो. अर्जदाराच्या रकान्यात एकट्या कॉलेजचं नाव असेल, तर ही फॉर्मॅलिटी नव्हे, हक्क सोडणं आहे. संशोधक म्हणून तुमची नावं राहतील, पण पेटंट मिळाल्यावर तीच क्लिप विकायला तुम्हालाच कॉलेजची परवानगी काढावी लागेल.

विद्यार्थ्याचा शोध आपोआप कॉलेजचा होतो, असं पेटंट कायदा, १९७० मध्ये कुठेही नाही. तरी प्रवेशावेळी कशावर सह्या केल्यात ते तपासा आणि कॉलेजचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण मागून घ्या. कॉलेजला पार वगळायचा हट्टही नको. लॅब त्यांची, प्रोजेक्ट अभ्यासक्रमातला. विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्टार्टअप धोरणातही अशा वेळी मालकी संयुक्त ठेवायला सांगितलंय. तेवढंच मागा, पण सोबत लेखी करार हवाच. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे बाकीच्या सहमालकांच्या संमतीशिवाय लायसन्स (शोध वापरायची परवानगी) देता येत नाही आणि हिस्साही विकता येत नाही. तुमची कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. तिला लायसन्स कोणत्या अटींवर मिळेल, हे आत्ताच ठरलं नाही तर पुढे एका ‘नाही’वर सगळं अडेल.

सरांनी नुसतं मार्गदर्शन केलं असेल तर ते संशोधक ठरत नाहीत. स्प्रिंगची युक्ती त्यांची असेल, तर मात्र नाव मोकळ्या मनाने घाला.

खरी घाई टेकफेस्टची आहे. अर्जाआधी क्लिप लोकांना दाखवली, तर ती कायद्याच्या नजरेत ‘नवी’ राहत नाही आणि पेटंट अडू शकतं. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, ती कॉलेजच्या प्रदर्शनाला मिळेल असं धरून चालू नका. टेकफेस्टच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. ऑनलाइन मूळ सरकारी फी व्यक्तींना १६०० रुपये आहे. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. पण अर्ज दोन ओळींत उरकू नका. सलाईनचे अलार्म बाजारात आधीपासून आहेत. तुमचं नवं ते बॅटरीविना चालणं, म्हणून स्प्रिंग, तिचा ताण, जोडणी हे सगळं आकृत्यांसह त्यात यायला हवं. जे लिहिलं नाही, त्याला या अर्जाची तारीख मिळत नाही. करार लांबला तरी कॉलेजला म्हणा, अर्ज संयुक्त नावाने आधी टाकू, अटी मागून बसवू. तेही जमलं नाही तर क्लिप टेकफेस्टला नेऊ नका.

राहिले तुमचे दोन मित्र. कंपनीत नसले तरी तेही सहमालक. कंपनी नोंदवली की त्यांचे हिस्से लेखी, स्टँप केलेल्या असाइनमेंटने (हक्क देऊन टाकायच्या कराराने) तिच्या नावावर करून घ्या. तोंडी ‘माझी हरकत नाही’ कायद्यात चालत नाही. दोघांपैकी कुणी परदेशी शिकायला निघाला असेल, तर मोबदला आणि अटी तो इथे असतानाच ठरवा.