गावात फोन शिकवायला जाण्यापूर्वी

ठाण्याहून मुरबाड-शहापूरकडे दृष्टिहीनांना मोबाइल शिकवायला निघताना नवे यंत्र घेण्याची घाई करू नका. घरातल्या अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनवरचे बोलून दाखवणारा टॉकबॅक बहुधा असतोच. रेंज असेल तिथे मराठी आवाज उतरवून घ्या, म्हणजे पुढे इंटरनेट नसतानाही वाचन चालू राहते.

शिकणाऱ्याचे बोट धरून ते स्क्रीनवर फिरवू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. एक बोट उजवीकडे सरकवले की पुढचे नाव ऐकू येते आणि दोनदा टकटक केले की ते उघडते, एवढे हाताला बसेपर्यंत तिसरे काही सांगू नका. बोलण्याचा वेगही सुरुवातीला कमी ठेवा. पहिला फोन सासरी असलेल्या लेकीला किंवा भावाला त्यांनी स्वतः लावावा, कारण त्या एका फोनने येणारा धीर आपल्या दहा सूचनांनी येत नाही.

वाचनालयात संगणक असेल, तर २००६ पासून विकसित होत असलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, बसवा. त्यातला ईस्पीक हा बोलणारा आवाज मराठी वाचतो, तो यांत्रिक असला तरी.

पैशांचे व्यवहार सर्वांत शेवटी, आणि तेही इअरफोन लावूनच शिकवा, कारण टॉकबॅक आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवतो.