खुबा निखळल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया की सांधा काढणे?

आपल्या लॅब्रेडॉरचा खुब्याचा सांधा बदलल्यावर पाचव्या आठवड्यात त्याने अचानक पाय टेकणे बंद केले, एक्स-रेमध्ये मांडीच्या बाजूचा कृत्रिम गोळा कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीतून निसटलेला दिसला, आणि आता सांधा दुरुस्त करावा की काढून टाकावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी तो का निखळला याचे उत्तर डॉक्टरांकडून मिळवा, कारण कारण तसेच राहिले तर बसवलेला गोळा पुन्हा निसटतो.

वाटी जास्त उघड्या कोनात बसली असेल तर गोळा वरच्या बाजूने निसटतो. फार बंद कोनात असेल तर गोळा ज्यावर बसतो ती सांध्याची मान वाटीच्या कडेवर अडून तो खालून निसटू शकतो. मांडीच्या हाडात सिमेंटविना बसवलेला, मान व गोळा पेलणारा दांडा खाली सरकला असेल तर मान आखूड पडल्यासारखी होऊन स्नायू सैल पडतात. म्हणून एक्स-रे दोन बाजूंनी आणि गुडघ्यापर्यंत मांडीचे पूर्ण हाड दिसेल असाच हवा. दांड्याच्या टोकाशी गेलेली बारीक चीर एरवी नजरेतून सुटते. सर्व भाग नीट बसलेले असून केवळ गुळगुळीत फरशीवर पाय घसरला असेल, तर भूल देऊन बाहेरून बसवण्याचा प्रयत्न योग्य ठरतो. अन्यथा वाटी फिरवून बसवणे किंवा लांब मानेचा गोळा घालणे, हाच खरा उपाय आहे.

जंतुसंसर्गाची शंका मात्र आधी फेडून घ्या. शक्य असल्यास अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी सांध्यातील पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवावे. औषध चालू असताना अहवाल फसवा येऊ शकतो. संसर्ग निघाला तर बहुतेक वेळा सांधा काढावाच लागतो, आणि दांडा सिमेंटने बसवलेला असल्यास ते सिमेंट हाडातून खरवडून काढणे वेळखाऊ असते. सांधा काढल्यावर त्या जागी तंतुमय ऊतींचा आधार तयार होतो आणि कुत्रा चालू लागतो. परंतु पाय थोडा आखूड राहतो, मोठ्या कुत्र्याच्या मांडीचे स्नायू बारीक होतात, फिजिओथेरपी दीर्घकाळ करावी लागते. संसर्ग नसेल आणि हाड शाबूत असेल, तर मी दुरुस्तीच्याच बाजूने आहे.

दुसरे मत घेणार असाल तर पहिल्या शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद, बसवलेल्या सांध्याची कंपनी व प्रत्येक भागाचे माप लेखी मागून घ्या, कारण त्याच प्रणालीची अवजारे आणि सुटे भाग जवळ असलेल्या सर्जनलाच ही दुरुस्ती नीट करता येते. तोवर त्याला पिंजऱ्यात किंवा लहान खोलीत रबरी चटईवर ठेवा आणि मांडीला मालीश करू नका.