मुलगी मोर्चाला जाते आणि राज्यशास्त्रात एमए करायचं म्हणते

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र घेतलंय, पुढे लोकशाहीच्या सिद्धांतावर पीएचडी करायची म्हणते. वडील म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. वस्तीच्या पाण्यासाठी पोरांनी वॉर्ड ऑफिसचं दार अडवलं, आत पेन्शनच्या कामाला आलेले एक आजोबा दोन तास अडकले, त्या रात्री ती नीट जेवली नाही, म्हणाली, "आई, आमचं चुकलं का गं?"

ताई, हे वाक्य मी तीनदा वाचलं. ती मागतेय त्या विषयाचा गाभाच हा आहे. शांताल मूफ आणि एर्नेस्तो लाक्लाव या राजकीय विचारवंतांनी 1985 मध्ये ही मांडणी केली, पुढे मूफबाईंनी ती वाढवली, की लोकशाहीत भांडण कायमचं मिटत नाही आणि मिटूही नये, फक्त समोरचा शत्रू न राहता प्रतिस्पर्धी झाला पाहिजे. मग दार अडवलं तर किंमत कोण मोजतं, साहेब की आजोबा, हा प्रश्न येतोच.

आपल्याकडे तर याचं केवढं मोठं उदाहरण आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले, आणि त्याच डिसेंबरला लोक जेलची तयारी करून आलेले असताना कोर्टाच्या मनाईहुकमामुळे त्यांनी तळ्यावर जाणं थांबवलं. केस लढले, 1937 ला हायकोर्टात जिंकले. पुढे जायचं तेव्हा गेले, थांबायचं तेव्हा थांबले, आणि जमलेल्या लोकांना थांबायला सांगणं मला तरी जास्त अवघड वाटतं.

आता पोटापाण्याचं. मुंबई विद्यापीठात कलिनाला एमए दोन वर्षं, सोबत नेट-सेटची, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांची, तयारी आत्तापासूनच. नेटमधून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000 पासून सुरुवात, घरभाडं वेगळं, पण ती मिळणं सोपं नाही, आणि प्राध्यापकाची कायम जागा मिळेपर्यंत बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतात, हे तिच्या वडिलांपासून लपवू नका. खासदारांसोबत संशोधन करायची लॅम्प फेलोशिप आहे, साधारण वर्षभराची, ती जरूर बघा. यूपीएससीला हा ऑप्शनल आहे, शिवाय 250 मार्कांचा एथिक्सचा पेपर असतो, त्यामुळे तो दरवाजाही उघडा राहतो.

मोर्चात पोलीस केस होण्याची भीती मात्र खरी आहे. सरकारी नोकरीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल आहे का विचारतात, लपवलेलं सापडलं तर जास्त महागात पडतं. म्हणून मोर्चाला जाऊच नको असं मी म्हणणार नाही, परवानगी आहे का, कुणी वकील ओळखीचा आहे का, एवढं विचारून जाऊ दे.

आणि ते आजोबा वस्तीतलेच असतील तर तिला एकदा त्यांच्याकडे पाठवा, पेन्शनचं काम झालं का बघायला, नसेल तर फॉर्म घेऊन तिनेच जावं त्यांच्यासोबत, त्याच ऑफिसात.