‘तोत्तोचान’ची लेखिका टीव्हीवर इतकी वर्षं कशी टिकली? तिच्यासारखी मुलाखत घ्यायला काय शिकावं लागेल?

प्रश्नाखाली तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, पुस्तक गाजलं म्हणून बाईंना टीव्हीवर काम मिळालं असणार. दुसरी, तुम्ही निवेदनाच्या वर्गाला जाता आणि तिथले सर म्हणतात की आवाज फार बारीक आहे, बोलणं फार भरभर आहे, आधी ते सुधारा. पहिली गोष्ट साफ उलटी आहे. दुसरी वाचून गप्प बसवेना, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तेत्सुको कुरोयानागी टीव्हीत आल्या १९५३ साली. जपानमध्ये एनएचकेचं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं, टीव्ही प्रसारण सुरू झालं तेच मुळी १ फेब्रुवारी १९५३ ला, आणि त्या दिवशी सगळ्या देशात नोंदलेले टीव्ही संच होते ८६६. ‘तोत्तोचान’ पुस्तकरूपाने आलं १९८१ मध्ये. म्हणजे पुस्तकाआधीची २८ वर्षं त्या पडद्यावर होत्या आणि पुस्तक हातात घेणारा जपानी वाचक त्यांना आधीपासून ओळखत होता. आपल्याला त्या चेतना सरदेशमुख गोसावींच्या मराठी अनुवादातून भेटल्या, म्हणून आपण त्यांना लेखिका म्हणतो. जपानमध्ये कुणालाही विचारा, तो डोक्यावर हात नेऊन कांद्यासारखी केशरचना दाखवेल.

आता आवाजाचं. त्यांचं शिक्षण ऑपेरा गायनाचं. एनएचकेच्या नाट्यसंचाची जाहिरात आली तेव्हा त्यांनी अर्ज केला तो नटी व्हायला नव्हे. पुढे आई झाल्यावर मुलांना चित्रांची पुस्तकं छान वाचून दाखवता यावीत, एवढाच हेतू होता. सुमारे ६००० अर्जांतून १३ जण घेतले, त्यांत या होत्या. इथवर सगळं छान. खरी अडचण काम सुरू झाल्यावर आली.

तेव्हा नव्या मुलांना पहिलं काम मिळायचं ते गर्दीचं. रेडिओ नाटकात गर्दी कशी करायची, ते आधी समजून घ्या. मुख्य नट माईकजवळ, बाकीचे आठ-दहा जण मागे उभे राहून कुजबुजणार, हळहळणार, पायांचा आवाज करणार. त्या सगळ्या आवाजांचा मिळून एक लगदा व्हायला हवा. एक जरी आवाज सुटा ऐकू आला की ऐकणाऱ्याचा कान तिकडे वळतो आणि मुख्य नटाचं वाक्य वाया जातं. प्रसंग असा, की रस्त्यात कुणीतरी पडलंय आणि लोक जमलेत. तेत्सुकोबाईंनी खरोखरच कुणी पडलं असतं तर जसं विचारलं असतं तसं, खणखणीत आवाजात विचारलं, काय झालं हो? बाकीच्यांची कुजबुज आणि मधून ही एक घंटा. दिग्दर्शकाने त्यांना मागे सरकायला सांगितलं. पुन्हा तेच. आणखी मागे. अंतर वाढवूनही आवाज सुटाच राहिला, कारण आवाजाची पट्टीच वेगळी होती. बारीक आणि उंच आवाज गर्दीत विरघळत नाही, तो अंतराने लहान होतो पण वेगळाच ऐकू येतो. शेवटी त्यांना घरी जायला सांगितलं, पैसे मिळण्याची व्यवस्था होईल म्हणाले. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. हिची बोलण्याची ढब सुधारल्याशिवाय हिला काम नाही, असं जवळपास ठरूनच गेलं होतं.

मग १९५४ मध्ये ईझावा तादासु या नाटककारांनी लिहिलेली ‘यानबो, निनबो, तोनबो’ ही मुलांची रेडिओमालिका आली. गोष्ट तुम्हाला आवडेल: भारताच्या राजाने चीनच्या बादशहाला तीन पांढरी माकडं भेट दिलेली असतात, ती तिथून पळून पुन्हा भारतात आईवडिलांकडे यायला निघतात. मोठ्यांनी मुलांच्या आवाजात बोलायचं, असा तो प्रयोग होता. धाकट्या तोनबोसाठी तेत्सुकोबाईंची निवड झाली. आत्तापर्यंत खाल्लेल्या बोलण्यांमुळे त्यांनी लेखकाला आपणहून सांगितलं, की माझं बोलणं विचित्र आहे हे मला माहीत आहे, मी ते सुधारीन. ईझावांनी सांगितलं, अजिबात सुधारू नका, मला हेच बोलणं हवंय.

यात दयाबुद्धी नव्हती, कारागिरी होती. रेडिओवर तीन माकडं एकाच प्रसंगात बोलतायत. चेहरे नाहीत. ऐकणाऱ्या मुलाला पहिल्या शब्दात कळलं पाहिजे की हा कोण. गर्दीत जो आवाज दोष होता, तोच तीन पात्रांत सगळ्यात उपयोगाचा ठरला. मालिका १९५७ पर्यंत चालली. १९५८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, वर्षअखेरच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमात लाल संघाचं, म्हणजे गायिकांच्या बाजूचं, सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. पुढे १९८० ते १९८३ सलग चार वर्षं आणि मग २०१५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, पुन्हा, या वेळी अख्ख्या कार्यक्रमाचं.

मधला काळ भरभर सांगते. बाहुल्यांच्या मालिका, ‘युमे दे आइमाशो’सारखा गाण्यांचा आणि विनोदाचा कार्यक्रम, सगळं बहुतेक थेट. १९७१ मध्ये सगळी कामं सोडून त्या अभिनय शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. परत आल्यावर १९७२ मध्ये दुपारचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला आणि तो बंद होताच २ फेब्रुवारी १९७६ ला ‘तेत्सुको नो हेया’ सुरू झाला, म्हणजे ‘तेत्सुकोची खोली’. एकाच सूत्रधाराच्या सर्वाधिक भागांसाठी २०११ मध्ये गिनीजने त्याची नोंद घेतली, २०१५ च्या मे महिन्यात १०,००० भाग झाले.

तुम्ही विचारलंत कशा टिकल्या. माझं उत्तर एकच: त्यांनी पुढे जे जे स्वीकारलं, त्यात कुणाला दुरुस्तीची कात्री चालवू दिली नाही. ‘तेत्सुको नो हेया’ चित्रित होतो, पण थेट असल्यासारखा. ठरलेल्या वेळेत सुरू, ठरलेल्या वेळेत बंद, मधलं काही काढायचं नाही. १९७८ मध्ये ‘द बेस्ट टेन’ हा गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम आला, तेव्हा क्रमवारीत कुणी हात घालायचा नाही, ही त्यांची अट होती. रेकॉर्डची विक्री, रेडिओ, दुकानांतून वाजणारं केबल संगीत आणि प्रेक्षकांची पोस्टकार्डं, या चारांची बेरीज जे सांगेल ते. पहिल्याच भागात यामागुची मोमोए ही तेव्हाची सगळ्यात लाडकी गायिका पहिल्या दहांत बसत नव्हती. तिला वर ढकलण्याचा मोह निर्मात्यांना नक्कीच झाला असेल, पण कार्यक्रम तिच्याशिवाय झाला. चौथ्या क्रमांकाची गायिका यायला तयार नव्हती, तर ते तसंच प्रेक्षकांना सांगितलं. या सचोटीमुळेच लोक दर गुरुवारी बसायचे. १९८१ मध्ये एका भागाला ४१.९ टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली.

आता तुमच्या मुलाखतीचं. आपल्याकडे ‘आधी दोन तास बोलून घेऊ, मग चाळीस मिनिटांचं करू’ हे इतकं रुजलंय की त्याला कुणी प्रश्नही विचारत नाही. मी मात्र या मुद्द्यावर लोकांशी कायम भांडत आले आहे. कापण्याने काय जातं ते नेमकं बघा. पाहुण्याला वडिलांबद्दल विचारलं. तो चार सेकंद गप्प. मग म्हणाला, ‘चांगले होते.’ संकलक ते चार सेकंद काढतो, कारण ‘रेंगाळतंय’. उरलं काय? घाईने दिलेलं, गुळगुळीत उत्तर. माणूसच बदलला. तेत्सुकोबाईंच्या कार्यक्रमात युद्धाच्या आठवणी सांगायला पाहुणे येतात. त्यांचं स्वतःचं बालपणही त्यातच गेलं, वडील सायबेरियात युद्धकैदी होते. तिथे ती शांतता कापली तर उरतं ते निव्वळ वृत्त. आणि ‘तोत्तोचान’ वाचलेल्यांना तिच्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी गुरुजी पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकत बसले होते ते आठवत असेलच. तेही मध्ये न तोडता.

न कापता करायचं तर तयारी दुप्पट लागते, इथे सूट नाही. त्यांच्याकडे पाहुण्याशी आधी सहकारी बोलतात, मग बाईंना सगळं सांगतात, आणि त्या ते स्वतःच्या हाताने कागदांवर उतरवतात. चित्रीकरणात ते कागद टेबलावर असतात. हाताने लिहिणं महत्त्वाचं आहे. छापील प्रश्नावली समोर असली की डोळे खाली जातात आणि पाहुण्याच्या उत्तरातला धागा सुटतो. तुम्ही अर्ध्या तासासाठी दहा-बारा मुद्दे लिहा, पाच वापरले गेले तर मुलाखत चांगली झाली असं समजा. मुद्दे प्रश्नाच्या रूपात लिहू नका, दोन-तीन शब्द लिहा: ‘मिरज, पहिली पेटी, मामा’. प्रश्न तिथल्या तिथे तयार होऊ द्या. विसाव्या मिनिटाला हमखास मरगळ येते, त्यासाठी सगळ्यात हलका मुद्दा राखून ठेवा, सगळ्यात जड नव्हे. टेबलावर पाहुण्याशी नातं असलेली एखादी वस्तू असू द्या. त्यांच्याकडे पाहुण्यागणिक फुलांची मांडणी वेगळी असते, पाहुणा त्याकडे बघूनच सैल होतो.

आणि वाचा. ‘सेकाई फुशिगी हाक्केन’ या प्रश्नमंजूषेत १९८६ पासून २०२४ ला ती संपेपर्यंत त्या होत्या. आधी फक्त विषय कळायचा, तेवढ्यावर त्या ढीगभर पुस्तकं वाचून यायच्या. म्हणून बरोबर उत्तरं यायची.

काही गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. न कापण्याचा तोटाही दिसतो. विनोदी कलाकार त्यांच्यासमोर घाबरतात, कारण त्या ‘हे आता फार गमतीदार करून दाखवणार आहेत’ असं आधीच सांगून टाकतात, आणि मग विनोद पडला की तो पडलेलाही दिसतो. दुसरं, रोजची ठरलेली वेळ आणि वर्षानुवर्षं तेच सहकारी त्यांच्या पाठीशी होते. तुम्हाला पहिल्या दिवशी हे मिळणार नाही. तिसरं, ज्या मुलाखतीत पाहुण्यावर आरोप होतायत तिथे हा मार्ग चालत नाही, तिथे तपासणी आणि कात्री दोन्ही लागतात.

तुमच्या सरांबद्दल. भरभर बोलणं वेगळं आणि शब्द खाणं वेगळं. हे तपासायला दोन मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण करा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी ते ऐकून लिहून काढायला सांगा. लिहिताना ज्या जागी ते अडतील, तेवढ्याच जागा दुरुस्त करा. बहुतेक वेळा त्या वाक्याच्या शेवटच्या क्रियापदात असतात, ‘होतं’ आणि ‘होते’ पुसट होतात. आवाजाची पट्टी मात्र खाली आणू नका. सरांनी पुन्हा आग्रह धरला, तर कोणत्या कामासाठी ती खाली हवी ते त्यांना विचारा. गर्दीत उभं करणार असतील तर त्यांचं बरोबर आहे.